नेलांग-जादुंगला आधी तिथली माणसं परत येऊ द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री, उत्तराखंड राज्य, देहरादून
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : १९६२ साली रिकाम्या केलेल्या नेलांग व जादुंग (जि. उत्तरकाशी) या गावांतील मूळ कुटुंबांच्या हक्कांबाबत.

महोदय,

जादुंगमध्ये पडक्या घरांच्या जागी होमस्टे बांधण्याचं काम उत्तराखंड शासनाने हाती घेतलं आहे. पहिल्या टप्प्यात सहा घरं. केंद्राच्या ‘व्हायब्रंट व्हिलेज’ या सीमावर्ती गावांसाठीच्या योजनेत उत्तरकाशी जिल्ह्यातली जी दहा गावं आहेत, त्यांत नेलांग आणि जादुंग ही दोन्ही आहेत. ६ मार्च २०२५ ला हर्षिलच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी या दोन गावांचं नाव घेतलं, १९६२ मध्ये ती कशी रिकामी झाली ते सांगितलं आणि ती पुन्हा वसवण्याचा शब्द दिला. त्याच दिवशी या खोऱ्यात जाणाऱ्या ट्रेकला आणि मोटारसायकल फेरीला झेंडा दाखवण्यात आला.

साठ वर्षांनी का होईना, ही गावं सरकारला आठवली याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून या विषयावर जे जे छापून आलं ते मी वाचत गेले. ट्रेकबद्दल वाचलं, रस्त्याबद्दल वाचलं, हिवाळी पर्यटनाबद्दल वाचलं. पण ज्यांची ही गावं, त्या ‘जाड’ नावाच्या मेंढपाळ समाजातल्या कुटुंबांच्या नावावर त्यांची जमीन परत होणार का, त्यांना तिथे रात्री राहता येणार का, मेंढरं नेता येणार का, याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही. ते जाहीरपणे मागावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. हिंदी प्रत टपालाने आपल्या दोन्ही कार्यालयांना पाठवते आहे. मराठीत अशासाठी की दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो माणसं गंगोत्रीला जातात, आणि उद्या जादुंगच्या त्या खोल्यांचं बुकिंग करणाऱ्यांत आपली माणसं मोठ्या संख्येने असणार आहेत.

माझा याच्याशी संबंध काय, हे आधी सांगते. मी कोयना धरणग्रस्त कुटुंबातली आहे. माझ्या आजोबांचं गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं, तेही १९६० च्या आसपासच, म्हणजे नेलांग-जादुंग रिकामं झालं त्याच काळात. आजोबांनी देवघरातले टाक धोतराच्या सोग्यात बांधून आणले आणि सोलापूरच्या माळरानावर नवं घर मांडलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. कोयनेची माणसं त्याआधीच उठलेली, त्यामुळे हक्क म्हणून मागायला त्यांच्या हातात काही नव्हतं. पुढे १९८५ मध्ये त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि जलाशयाच्या काठावर बोटिंग आलं, रिसॉर्ट आली. ज्यांनी गाव सोडलं त्यांच्या जमिनीची प्रकरणं अजून मिटलेली नाहीत. माझ्या वडिलांचं आयुष्य दाखले गोळा करण्यात गेलं. त्यामुळे रिकामं केलेलं गाव, मग जंगलाची हद्द आणि मग पर्यटन हा क्रम मी घरात पाहिलेला आहे. भागीरथीच्या खोऱ्यात तोच क्रम डोळ्यांसमोर घडताना मला गप्प बसवत नाही.

ज्या वाचकांना ही जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण भूगोल कळल्याशिवाय इथला अन्याय कळत नाही.

गंगोत्रीच्या अलीकडे भैरवघाटी लागते. तिथे उत्तरेकडून जाड गंगा येऊन भागीरथीला मिळते. तिला जाह्नवीही म्हणतात. संगमापाशी ती इतक्या खोल आणि अरुंद कपारीतून येते की पुलावरून खाली पाहताना पाण्याची नुसती रेघ दिसते. या नदीच्या कडेने वर गेलं की सुमारे पंचवीस किलोमीटरवर नेलांग आहे, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या आसपास. जादुंग त्याच्याही पुढे आणि उंचावर. भैरवघाटीपर्यंत देवदारांची दाट सावली असते. आत शिरलं की झाडं विरळ होत जातात आणि मग नुसते तांबूस, करडे, उघडे डोंगर. पावसाचे ढग इथवर पोचत नाहीत. लडाखला जाऊन आलेल्या माणसाला हा मुलूख ओळखीचा वाटेल. भरल नावाची रानमेंढी इथे कळपाने दिसते, तिच्या मागावर हिमबिबट्या असतो. खोऱ्याच्या शेवटी मुलिंग ला, थागा ला अशा खिंडी आहेत आणि त्यांच्यापलीकडे तिबेट.

मोटाररस्ता होण्याआधी या खोऱ्यात शिरायला गरतांग गली होती. उभ्या कड्याच्या पोटात दगड फोडून, त्यात लाकडी तुळया रोवून केलेला साधारण १३६ मीटरचा जिना. खाली जाड गंगेची दरी. पेशावरकडच्या पठाण कारागिरांनी तो दीडशे वर्षांपूर्वी बांधला असं तिकडे सांगतात. तिबेटचं मीठ आणि लोकर या जिन्यावरून खाली यायची आणि आपल्याकडचं धान्य, गूळ, कापड वर जायचं. वाहतूक मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून. या गावांची माणसं आता जिथे राहतात त्या हर्षिलजवळच्या बगोरीत एका घरी मला त्यासाठीची पिशवी पाहायला मिळाली. जाड लोकरीची, दोन कप्प्यांची, घासून फाटू नये म्हणून तळाला चामडं शिवलेली. दोन्ही कप्प्यांत सारखं वजन भरून ती मेंढीच्या पाठीवर आडवी टाकायची आणि पोटाखालून दोरीने आवळायची. एका मेंढीवर आठ-दहा किलो. अशा शेकडो मेंढ्यांची रांग त्या लाकडी जिन्यावरून चालत असे. पिशवी दाखवणाऱ्या अम्मांनी त्यात आता राजमा भरून ठेवला होता. चामड्याच्या शिवणीत अडकलेला मिठाचा पांढरा कण त्यांनी नखाने काढून मला दाखवला. तो तिबेटच्या मिठाचाच असेल असं मी म्हणत नाही, पण त्या तसं मानतात.

जाड समाजाचं वर्ष तीन मुक्कामांत विभागलेलं असे. उन्हाळ्यात नेलांग-जादुंगला शेती, तिथे फाफर (कुट्टूचं धान्य) आणि जव पिकायचं, आणि खिंडी उघडल्या की व्यापार. थंडीची चाहूल लागली की खाली हर्षिलजवळ बगोरीला. भर हिवाळ्यात त्याहून खाली, उत्तरकाशीच्या अलीकडे डुंडाला, आणि मेंढरं घेऊन आणखी दक्षिणेच्या जंगलांत. तिन्ही ठिकाणी घरं. पण शेतं, कुरणं, खिंडीची वाट आणि मूळ देव वरच्या गावात. जादुंगला लाल देवता, नेलांगला रिंगाली देवी. हिंदू देव आणि बौद्ध लामा या समाजात शेजारी शेजारी आहेत. बगोरीत देवळाबरोबर बौद्ध मठही आहे, आणि डुंडाला लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, साजरं होतं.

या वस्तीचं देशाच्या नकाशाशी काय नातं आहे, ते आपल्या मंत्रालयाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. टेहरी संस्थान आणि तिबेट यांच्यात या खोऱ्यावरून जुना वाद होता. १९२६ साली सीमा ठरवायला आयोग बसला तो नेलांगलाच. पुढे चीनने या भागावर दावा सांगितला. १९६० मध्ये भारत आणि चीनच्या अधिकाऱ्यांच्या बैठका झाल्या तेव्हा आपल्या बाजूने जे पुरावे मांडले गेले, त्यांत या गावांच्या महसुली नोंदी होत्या. तिथे माणसं राहतात, शेत कसतात, टेहरी दरबारला सारा भरतात, म्हणून हा मुलूख आमचा, असा आपला युक्तिवाद होता. ज्या सातबाऱ्यासारख्या नोंदींवर भारताने आपली हद्द सांगितली, त्या नोंदींतल्या खातेदारांची नातवंडं आज बगोरीत बसून आमची जमीन कुठे आहे असं विचारत आहेत. त्यांना उत्तर देणं हे भारत सरकारचं कर्तव्य आहे असं मी मानते.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युद्ध झालं ते लडाखमध्ये आणि नेफात (आजच्या अरुणाचलात). जाड गंगेच्या खोऱ्यात लढाई झाली नाही. तरी सीमेवरची गावं म्हणून दोन्ही रिकामी करण्यात आली. त्या घडीला ते आवश्यक असेलही. त्या निर्णयावर मी बोट ठेवत नाही आणि तिथे बर्फात पहारा देणाऱ्या जवानांशी तर माझं भांडण मुळीच नाही. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या गावांतली मुलं सैन्यात आहेत, सीमेवरचा हिवाळा काय असतो ते मला कळतं. माझं म्हणणं त्यानंतरच्या साठ वर्षांबद्दल आहे. ते मुद्द्यांनी मांडते.

पहिला आणि सगळ्यांत मोठा मुद्दा जमिनीचा. गाव तात्पुरतं सोडायला लावणं आणि जमीन संपादन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपादन केलं तर त्याची अधिसूचना हवी, मोजणी हवी, मोबदल्याचा निवाडा हवा. तात्पुरतं हलवलं असेल तर जमीन आजही मूळ मालकाची आहे. बगोरीतले जाणते लोक वर्षानुवर्षं सांगत आहेत की जमिनी गेल्या आणि मोबदला मिळाला नाही. आपल्याकडे याहून वेगळे कागद असतील तर ते लोकांसमोर ठेवा. १९६२ मध्ये हा जिल्हा उत्तर प्रदेशात होता. उत्तरकाशी जिल्हा १९६० ला झाला, उत्तराखंड राज्य २००० ला. दप्तर लखनौला असेल तर मागवून घ्या. कोयनेचं दप्तर मुंबईत की साताऱ्यात, या एका प्रश्नावर माझ्या वडिलांना किती हेलपाटे घालावे लागले ते मला माहीत आहे. ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे वाक्य सरकारने स्वतःच उठवलेल्या माणसाला ऐकवू नये.

दुसरा मुद्दा राष्ट्रीय उद्यानाचा. गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ मध्ये झालं, क्षेत्र जवळपास २,३९० चौरस किलोमीटर, आणि नेलांगचं खोरं त्यात आलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उद्यान करताना तिथल्या लोकांचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून ठरवायचे असतात, दावे मागवायचे असतात. पण त्याच्या सत्तावीस वर्षं आधी ज्या गावांतून सगळ्यांना खाली आणलं, त्या गावांच्या वतीने दावा सांगायला तेव्हा तिथे कोण असणार होतं? तशी चौकशी झाली असेल तर तिचा अहवाल जाहीर करा. राष्ट्रीय उद्यानात मेंढरं चारायला कायदा मनाई करतो. म्हणजे ज्या कुरणांवर या समाजाचा सगळा संसार उभा होता, तिथे हक्क म्हणून आज त्यांचं काहीही शिल्लक नाही.

तिसरा मुद्दा जाण्या-येण्याचा. २०१५ पासून देशातल्या पर्यटकांना नेलांगला दिवसापुरतं जाऊ देतात, मोजक्या गाड्या, रात्रीचा मुक्काम नाही. मीही तशीच एकदा गेले. तिथे सुरक्षेची शिस्त हवी हे मला मान्य आहे. पण ज्यांचा लाल देवता वर आहे त्यांनाही वर्षातून एकदा पूजेला जायचं तर परवानगी घ्यावी लागते, वाद्यं आणि डोली घेऊन जायचं आणि परवानगीच्या मुदतीत खाली यायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात आणि माणसं तिथे नारळ फोडायला जातात. पाण्यावर कुणाचा इलाज नसतो. नेलांगला मात्र पाणी नाही. तिथे आडवा येतो तो फक्त नियम, आणि तो आपल्या सहीने बदलू शकतो.

हिमालयातल्या इतर सीमावर्ती गावांशी तुलना केली की हे जास्त बोचतं. चमोलीतलं माणा, नीती, पिथौरागढकडची जोहार, दारमा आणि व्यास खोरी. तिथल्या भोटिया समाजाचाही तिबेटशी व्यापार १९६२ नंतर बंद पडला, त्यांचंही नुकसान झालं, पुष्कळ घरं ओस पडली. तरी ती माणसं दर उन्हाळ्यात आपल्या गावी जातात, शेत पेरतात, दार उघडतात. माणा तर आज देशभरात पर्यटकांच्या ओळखीचं आहे. लिपुलेखचा व्यापार १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाला, शिपकी लाचा १९९४ मध्ये, नाथू लाचा २००६ मध्ये. जाड समाजाच्या वाट्याला यातलं काहीही आलं नाही. ना खिंड, ना गाव.

चौथा मुद्दा सध्याच्या योजनेचा. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘व्हायब्रंट व्हिलेज’ला मंजुरी दिली, ४,८०० कोटी रुपयांची, आणि सीमेवरून लोकांनी गाव सोडून जाऊ नये हा तिचा उद्देश सांगितला. उद्देश योग्य आहे. पण नेलांग-जादुंगच्या लोकांनी गाव सोडलेलं नाही, त्यांच्याकडून ते सोडवून घेण्यात आलं. त्यांना रोजगाराचं आमिष दाखवून परत आणायची गरज नाही, त्यांची वाट मोकळी केली तरी पुष्कळ आहे. होमस्टे बांधून झाल्यावर मूळ कुटुंबांना चालवायला देणार असं सांगितलं जातं. चालवायला देणं म्हणजे मालकी देणं नव्हे. ज्या जोत्यावर ती खोली उभी आहे ते जोतं कुणाच्या नावावर असेल? करार किती वर्षांचा? पहिल्या सहा घरांत ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचं काय? आणि ज्यांना होमस्टे चालवायचाच नाही, ज्यांना फक्त वडिलांच्या शेतात चार महिने फाफर पेरायचं आहे, त्यांना या योजनेत जागा आहे का?

घर म्हणजे काय याचा विचार बांधकामाच्या आराखड्यातही दिसायला हवा. बगोरीची जुनी घरं मी निरखून पाहिली. दगडाचं जोतं, वर देवदाराच्या फळ्या, खालच्या मजल्यावर लाकूडफाटा आणि जनावरं, वर माणसं, पुढे उन्हात बसून सूत काढायला लाकडी सज्जा. हे घर मेंढपाळाच्या कामाला येईल असं बांधलेलं आहे. संलग्न स्वच्छतागृहासह पर्यटकांसाठी बांधलेली खोली दिसायला तशी करता येईल, पण मेंढरं कुठे बांधायची आणि लोकर कुठे वाळवायची हे त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

पाचवा मुद्दा मला सगळ्यांत जास्त काळजी लावणारा आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला खीर गंगा या ओढ्याच्या लोंढ्याने हर्षिलजवळच्या धरालीत काय झालं ते देशाने पाहिलं. काही क्षणांत हॉटेलं, घरं, बाजार गाळाखाली गेला. हर्षिलला लष्कराच्या तळाला फटका बसला आणि भागीरथीत पाणी तुंबून तलाव झाला. महाराष्ट्रातले कितीतरी पर्यटक त्या दिवसांत वर अडकले होते. आमच्या ओळखीच्या घरांत लोक रात्रभर फोन लावत बसले होते. बगोरी या हर्षिललाच लागून, नदीच्या काठाला आहे. ज्यांना एकदा वरचं गाव सोडायला लावलं त्यांचं खालचं गावही आता निर्धास्त राहिलेलं नाही. अशा वेळी वरच्या खोऱ्यात किती गाड्या जाणार, किती खोल्या होणार, सांडपाणी कुठे जाणार, याचा हिशेब बांधकामाआधी मांडायला हवा. गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचं भागीरथीचं खोरं २०१२ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नियम कागदावर आहेत. धरालीत ते पाळले गेले असते तर, हा प्रश्न तिथली माणसं रोज विचारत असतील.

गरतांग गलीचंही उदाहरण घ्या. तो जिना दुरुस्त करून ऑगस्ट २०२१ मध्ये खुला केला, फार चांगलं काम झालं. आणि काही आठवड्यांतच त्याच्या नव्या कठड्यावर लोकांनी आपली नावं कोरली, गुन्हा नोंदवावा लागला. जागेशी नातं नसलेली माणसं आधी आणि नातं असलेली माणसं नंतर, असा क्रम ठेवला की असंच होणार. बगोरीच्या एका जुन्या माणसाला त्या जिन्याची देखभाल सोपवली असती, तर तिथे खिळा घेऊन कुणी उभं राहिलं नसतं.

वरच्या मुद्द्यांना कायद्याचा आधार नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून हेही लिहिते. जाड हे भोटिया म्हणून अनुसूचित जमातीत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ड) मध्ये मेंढपाळ समाजाचे हंगामी चराईचे हक्क आहेत. कलम ३(१)(म) मध्ये बेकायदा हटवलेल्यांच्या पुनर्वसनाचा हक्क आहे. कलम ४(८) मध्ये मोबदला न देता शासनाच्या कामासाठी उठवलेल्यांचा विचार केलेला आहे. (यातली पहिली दोन पोटकलमं इंग्रजी कायद्यात अनुक्रमे ‘डी’ आणि ‘एम’ अक्षरांखाली आहेत.) दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेने सुरू करायची असते, आणि ओसाड गावाला ग्रामसभा कुठून आणायची, ही खरी अडचण आहे. ती सोडवणं आपल्या हातात आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

१. नेलांग आणि जादुंगच्या १९६२ पूर्वीच्या खातेदारांची यादी, त्यांच्या जमिनींचं क्षेत्र आणि आज ती जमीन कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद बगोरी व डुंडा येथे हिंदीत जाहीर लावावी. हरकतींसाठी पुरेशी मुदत द्यावी.

२. लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस दल आणि वनखातं यांच्या वापरात असलेल्या खाजगी जमिनीचा मोबदला आजच्या दराने द्यावा. वापरात नसलेली जमीन वारसांच्या नावावर परत करावी.

३. बगोरी आणि डुंडा इथल्या मूळ कुटुंबांच्या सभेला या दोन गावांची ग्रामसभा म्हणून मान्यता द्यावी. पुनर्वसाहतीचा प्रत्येक निर्णय, आराखड्यापासून पर्यटकांच्या संख्येपर्यंत, तिच्यासमोर यावा.

४. मूळ कुटुंबांना कायमस्वरूपी ओळखपत्र द्यावं. त्यावर मे ते ऑक्टोबर या काळात त्यांना आपल्या गावी जाता-येता यावं, रात्री राहता यावं, शेती करता यावी. सुरक्षेसाठी नोंद ठेवावी, पण दर वेळी अर्ज नको.

५. चराईचे हक्क वनहक्क कायद्याखाली ठरवावेत. हिमबिबट्या आणि भरल यांचं संरक्षण करताना या मेंढपाळांना सोबत घ्यावं.

६. होमस्टेचा मालकी हक्क मूळ कुटुंबाच्या नावावर असावा, घरातल्या बाईचं नाव त्यात असावं. बाहेरच्या कुणालाही तो विकता किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देता येऊ नये.

७. धरालीनंतर जाड गंगा खोऱ्याचा आणि बगोरी-हर्षिलचा धोक्याचा अभ्यास करून तो लोकांसमोर ठेवावा. तोवर सहा घरांपलीकडे नवं बांधकाम करू नये.

यातली पहिली आणि चौथी मागणी मान्य करायला पैसा लागत नाही. पहिलीसाठी दप्तर उघडावं लागेल, चौथीसाठी एक आदेश काढावा लागेल. येत्या उन्हाळ्यात वरची वाट खुली होण्याआधी या दोन गोष्टी होऊ शकतात, आणि त्या व्हाव्यात अशी माझी विनंती आहे. आज जे लोक लहानपणी जादुंगहून चालत खाली आले होते, ते सत्तरीच्या पुढे आहेत. माझे आजोबा नव्या जमिनीचा कागद हातात पडण्याआधी गेले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना, विशेषतः ट्रेकिंग मंडळांना आणि यात्रा कंपन्यांना एक सांगणं आहे. गंगोत्रीला जा, हर्षिलचा राजमा आणि सफरचंदं घ्या, बगोरीत आणि डुंडात बायकांनी विणलेले लोकरीचे मोजे, पंखी (शाली), टोप्या त्यांच्याच हातून विकत घ्या, तिथल्या घरांत उतरा. जादुंगच्या खोल्यांचं बुकिंग मात्र खातेदारांची यादी लागेपर्यंत करू नका. आमच्या ओळखीतल्या मंडळांशी मी याबद्दल बोलते आहे. ज्यांना हे पटेल त्यांनी याच दोन पत्त्यांवर आपापल्या नावाने एक पोस्टकार्ड टाकावं.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते आहे. ते आलं की जसंच्या तसं इथेच प्रसिद्ध करीन.

कळावे,
आपली,
एका कोयना धरणग्रस्त कुटुंबातली नात
(जि. सोलापूर)